बाल्साच्या किटमधून विजेवरचे रेडिओ विमान : पहिलेच विमान स्वतः बांधावे का?

करवीरकर
नमस्कार मंडळी. माझा पुतण्या यंदा नववीत गेला आहे. त्याला विमानांचे वेड आहे आणि त्या वेडाला नुसत्या चित्रफिती पुरत नाहीत, हे लक्षात आल्यावर आम्ही दोघांनी मिळून रेडिओवर चालणारे विमान बांधायचे ठरवले. बाल्साचे, म्हणजे अतिशय हलक्या लाकडाच्या सुट्या भागांचे, किट घरी आले आहे. पंखांचा विस्तार १४० सेंटिमीटर, रुंदी सर्वत्र २२ सेंटिमीटर, पंख फ्यूजलाजच्या (धडाच्या) वर बसणारे, आणि नियंत्रणे तीनच : मोटर, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटाची आडवी झडप) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे नेणारी उभी झडप). खोक्यात पूर्ण आकाराचा नकाशा, लेझरने कापलेल्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), प्लायचे फॉर्मर (धडाचे आडवे सांगाडे), लाकडी पट्ट्या आणि चाकांसाठी वाकवलेली तार एवढे साहित्य आहे. मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण), बॅटरी, सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रेडिओ आपले आपण घ्यायचे आहेत.

माझे मत असे की, पहिले विमान स्वतःच बांधावे. ज्याने रिब न् रिब चिकटवली आहे त्याला विमान डावीकडे का ओढते आहे, हे शोधायला कुठे पाहावे ते कळते. परंतु दुकानदारापासून ओळखीच्यांपर्यंत जो तो मला तयार फोमचे विमान घ्यायला सांगतो आहे. अनुभवी सदस्यांनी यावर मत द्यावे. शिवाय मोटर-बॅटरी कोणती घ्यावी आणि कोल्हापूरच्या आसपास उडवायचे कुठे, हेही सांगावे, ही विनंती.

माळरान
करवीरकर, तुमच्या उत्साहाचे मनापासून स्वागत. तरीही दुकानदाराचे म्हणणे मला बरोबर वाटते. बांधायला शिकणे आणि उडवायला शिकणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत आणि ती एकाच विमानावर एकाच वेळी शिकू नयेत. नवशिक्याचे पहिले विमान पडते. ते ईपीओ या चिवट फोमचे असेल तर माळावरच चिकटवून पुन्हा उडवता येते. दोन महिने खपून बांधलेले बाल्साचे विमान पहिल्या मिनिटात नाकावर पडले, तर नववीतल्या मुलाच्या मनावर त्याचा परिणाम होतो. अशी मुले मी पाहिली आहेत. ती पुन्हा माळावर आली नाहीत.

माझा सल्ला असा : किट बांधायला आजच घ्या, पण ते बांधून होईपर्यंत मुलाला संगणकावरच्या सिम्युलेटरवर आणि जमल्यास एखाद्या फोमच्या विमानावर शिकू द्या. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर सगळे सोपे असते. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते आणि बहुतेक विमाने तिथेच पडतात. यावर जुना उपाय आहे. विमान समोरून येत असताना त्याचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला रेडिओवरची काठी न्यावी, म्हणजे जणू त्या पंखाला खालून आधार द्यावा. ही सवय हाताला लागेपर्यंत बाल्सा जमिनीवरच बरा.

पॅटर्नमेकर
मी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारा माणूस. आयुष्य सागवान आणि पाईनमध्ये गेले. बाल्साकडे उशिरा वळलो. माळरान यांचे म्हणणे उडवण्यापुरते खरे आहे, पण करवीरकरांच्या बाजूने मला बोलायचे आहे, कारण मुलाला बांधायचे आहे आणि त्या इच्छेला वय असते.

बाल्साबद्दल पहिली गोष्ट ही की, खोक्यातल्या सगळ्या पट्ट्या सारख्या नसतात. दिसायला एकसारख्या दोन पट्ट्यांपैकी एक दुसरीच्या दुप्पट वजनाची असू शकते, कारण या लाकडाची घनता झाडागणिक, आणि एकाच झाडात जागेगणिक, बदलते. म्हणून गोंदाची बाटली उघडण्यापूर्वी सगळ्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलाव्यात आणि पेन्सिलीने त्यांवर वजन लिहावे. जड आणि ताठ पट्ट्या पंखाच्या स्पारसाठी, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीसाठी, ठेवाव्यात, हलक्या शेपटाकडे द्याव्यात. डाव्या आणि उजव्या पंखासाठी वजनाच्या जोड्या लावाव्यात.

दुसरी गोष्ट रेषांची. फळी लाकडातून कोणत्या दिशेने कापली आहे त्यावर तिचा स्वभाव ठरतो. जिच्या पृष्ठभागावर लांब, सरळ रेषा दिसतात ती आडवी सहज वाकते. पंखाच्या पुढच्या कडेवर गोलाकार पत्रा (बाल्साची पातळ फळी) बसवायचा असेल तर ती घ्यावी. जिच्यावर माशाच्या खवल्यांसारखी चमकदार नक्षी दिसते ती वाकत नाही, वाकवली तर तडकते. ती रिब आणि सपाट शेपटासाठी उत्तम. किटमध्ये रिब कापूनच येतात, त्यामुळे निवड करणाऱ्याने ती आधीच केलेली असते, पण पत्र्याच्या पट्ट्या तुमच्या हातात असतात आणि चुकीची पट्टी चुकीच्या जागी गेली की पंख पिळतो.

तिसरी आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाट. पंख हा ज्या पाटावर बांधला जातो तेवढाच सरळ होतो. जेवणाच्या टेबलावर बांधू नका. जुन्या फ्लश डोअरचा तुकडा घ्या, त्यावर पोलादी पट्टी उभी धरा आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहा. दिसत असेल तर दुसरा तुकडा शोधा. त्यावर मऊ सॉफ्टबोर्ड, त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक, आणि मग काम. गोंद वाळेपर्यंत पंख टाचण्यांतून सोडवायचा नाही, मुलगा कितीही मागे लागला तरी.

उजळाई
प्लॅस्टिकऐवजी मेणकागद वापरला तरी चालतो. पांढरा गोंद त्यालाही धरत नाही.

अनघा_विद्युत
पॅटर्नमेकर काकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मोटर-बॅटरीचा प्रश्न बाजूला पडला आहे, म्हणून मी तेवढाच घेते.

आधी विमानाचे हिशेब करू. १४० गुणिले २२ म्हणजे पंखांचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस डेसिमीटर. बॅटरीसह सगळे वजन ११०० ग्रॅममध्ये बसवता आले, तर दर चौरस डेसिमीटरला ३५-३६ ग्रॅम भार पडतो. शिकाऊ विमानाला हा आकडा छान आहे. सपाट पोटाच्या पंखावर ते ताशी २५-२७ किलोमीटरपर्यंत मंदावले तरी तरंगत राहील. हेच वजन गोंद, रंग आणि हौशीच्या भरात १५०० वर गेले, तर तोच वेग ३० च्या पुढे जातो आणि उतरवताना तो फरक नवशिक्याला चांगलाच जाणवतो.

आता शक्ती. शिकाऊ विमानाला दर किलो वजनामागे १५० ते २०० वॅट हे सर्वमान्य प्रमाण आहे. तुमच्या विमानाला १६० ते २०० वॅट पुरेत. तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घ्यावी, तिचा नाममात्र दाब ११.१ व्होल्ट. त्यावर १६ ते १८ अँपिअर घेतले की आपण हव्या त्या जागी पोहोचतो. मोटर ब्रशलेस, आउटरनर (बाहेरचे कवच फिरणाऱ्या) प्रकारची, १०० ग्रॅमच्या आसपास, ९०० ते १००० केव्हीची घ्यावी. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे पडतात, तो आकडा. ९५० केव्हीची मोटर तीन सेलवर भाराखाली ८००० फेऱ्यांच्या आसपास फिरते. तिला १० बाय ५ चा प्रॉप, म्हणजे १० इंच व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ इंच पुढे सरकणारा पंखा, लावला तर हवेतला सैद्धांतिक वेग ताशी साधारण ६० किलोमीटर येतो. विमान ज्या वेगाखाली तरंगू न शकता कोसळते त्याच्या दुपटीहून थोडा जास्त, म्हणजे जोडी जमली.

ईएससी ३० अँपिअरचा घ्यावा, म्हणजे तो तापणार नाही. बॅटरी २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे तिच्यात किती वीज मावते तो आकडा). तिच्यातले ८० टक्केच वापरायचे असे धरले आणि सरासरी ९ अँपिअर ओढले, तर अकरा-बारा मिनिटे उड्डाण मिळते. टायमर ८ मिनिटांवर लावा आणि उरलेली मिनिटे उतरण्यासाठी राखून ठेवा.

शाहूपुरी_४
२२०० कशाला? ४ सेलची आणि ३३०० ची घेतली तर अर्धा तास तरी उडेल. एकदाच खर्च.

अनघा_विद्युत
शाहूपुरी, तसे होत नाही. चौथा सेल आला की त्याच मोटरचे फेरे सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. प्रॉपला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. म्हणजे तोच प्रॉप ठेवला तर मागणी दुपटीच्याही वर जाते आणि मोटर किंवा ईएससी जळते. ३३०० एमएएचच्या चार सेलचे वजनही २२०० च्या तीन सेलच्या जवळजवळ दुप्पट भरते. ते उचलण्यासाठी पुन्हा जास्त शक्ती. त्यातून अर्धा तास निघत नाही, विमान मात्र जड होते.

प्रॉपचा व्यास तर त्याहून नाजूक मामला आहे. फेरे तेच राहिले तर शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. १० इंचाचा प्रॉप काढून ११ इंचाचा लावला की दिसायला एकच इंच, पण मागणी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. म्हणून नवा प्रॉप लावल्यावर पहिल्यांदा बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर जोडून, विमान घट्ट धरून, काही सेकंद पूर्ण मोटर चालवून अँपिअर पाहावेत. वॉटमीटर नसेल तर एखाद्याचा मागून आणावा, पण अंदाजावर उडवू नये.

माळरान
अनघाताईंच्या हिशेबात एक भर. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. या उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा पाचेक टक्के विरळ असते आणि एप्रिलच्या दुपारी आणखी विरळ होते. रत्नागिरीच्या मित्राचे विमान जेवढ्या धावेत जमीन सोडते, तेवढ्यात आपले सोडेलच असे नाही. फरक मोठा नाही, पण विमान काठावरच्या शक्तीचे असेल तर तो कळतो. दोनशे वॅटच्या बाजूला राहा.

निवृत्त_मास्तर
हा धागा वाचून फार आनंद झाला. मी विद्यार्थी असताना एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकलो. तेव्हा आमच्याकडे रेडिओ नव्हता. दोन तारांच्या टोकाला विमान बांधून, मध्ये उभे राहून, गोल फिरत उडवायचे. इंजिन डिझेलचे, इंधनात ईथर आणि एरंडेल. त्या वासाने कपडे दोन धुण्यांतही सुटत नसत.

विजेवरचे विमान हे आजचे फॅड आहे, असे कोणी म्हणाले तर त्यांना इतिहास सांगावा. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी 'रेडिओ क्वीन' हे विमान विजेच्या मोटरवर आणि रेडिओवर उडवले. विजेवरच्या रेडिओ विमानाचे ते पहिले नोंदलेले उड्डाण मानतात. फ्रेड मिलिट्की या अभियंत्याने छोट्या मॉडेलांसाठी वीज आणली आणि पुढे त्याच्याच प्रयत्नांतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात माणसाला घेऊन विजेवरचे विमान उडाले. त्या काळी निकेल-कॅडमियमच्या जड बॅटऱ्या होत्या, ब्रशच्या मोटरी होत्या, आणि तरी माणसे थांबली नाहीत. लिथियम पॉलिमर आणि ब्रशलेस मोटर आल्यावर आज जे सोपे झाले आहे, ते त्यांच्या चिकाटीचे फळ आहे.

आणि माळरान, पडण्याच्या भीतीने बांधणे पुढे ढकलू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बाबूराव पेंटरांनी याच गावात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, तयार मिळण्याची वाट पाहिली नाही. मुलाच्या हातून एक पंख मोडला तर तो दुसरा बांधेल. नकाशा घरातच आहे.

माळरान
मास्तर, तुमच्याशी वाद घालण्याइतका मी मोठा नाही. पण मी बांधणे पुढे ढकला असे म्हटलेले नाही. उडवणे शिकल्याशिवाय बांधलेले उडवू नका, एवढेच म्हटले आहे. सिम्युलेटरला खर्च फारसा नाही आणि तो शेजाऱ्यांना त्रासही देत नाही.

कागलकर
तिसरा प्रश्न अजून कोणी घेतला नाही, तो महत्त्वाचा आहे. उडवायचे कुठे?

उजळाईवाडीचा विमानतळ चालू आहे, तिथे रोज प्रवासी विमाने उतरतात. ड्रोन नियम, २०२१ आपल्या छंदालाही लागू आहेत. त्यांत शिक्षण, संशोधन आणि करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेटची (विमानाच्या नमुन्याला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेची) गरज ठेवलेली नाही. परंतु हवाई क्षेत्राचे बंधन सुटत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवे, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारे, क्षेत्र आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. पट्ट्याबाहेर, तो भाग लाल किंवा पिवळा (परवानगी लागणारा) नसेल तर, ४०० फूट. राजारामपुरी, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, गोकुळ शिरगाव हे सगळे त्या आतल्या वर्तुळात येते. विद्यापीठाजवळची मोकळी जागा कितीही मोहात पाडणारी असली तरी तिथे विमान काढू नका. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून, आपले ठिकाण टाकून, रंग पाहूनच जागा ठरवा.

पन्हाळ्याच्या बाजूला गेले की अंतराचा प्रश्न सुटतो, पण किल्ल्यावर आणि पर्यटकांच्या डोक्यावर उडवणे योग्य नाही. गावाबाहेरचे गायरान किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे मोकळे रान, मालकाला विचारून, हाच सरळ मार्ग आहे.

ऊसकरी
कागलकरांनी शेतकऱ्याचे नाव काढले म्हणून लिहितो, कारण माझ्याच रानात दर रविवारी मुले विमाने उडवायला येतात आणि मला ते आवडते.

उसाबद्दल सांगतो. विमान उभ्या उसात पडले की दहा पावलांवरूनही दिसत नाही. ऊस डोक्यावर दोन हात वर असतो, पाने हात कापतात, आत दिशा कळत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. पडताना एकाने जागचे हलू नये आणि विमान जिथे दिसेनासे झाले त्या रेषेत लांबचे झाड किंवा खांब हेरून ठेवावा. दुसऱ्याने त्या रेषेतच आत शिरावे. दुसरी गोष्ट म्हणजे विमानात छोटा बझर बसवा, रेडिओचा संपर्क तुटला की तो वाजू लागतो. गेल्या हंगामात शेजारच्या गावच्या मुलाचे विमान उसात गेले ते तोडणीच्या वेळीच सापडले. मोटर शाबूत होती, बॅटरी फुगून गोल झाली होती.

ऊस तुटल्यावर रान मोकळे दिसते, पण खोडव्याची खुंटे टोकदार असतात. त्यावर चाकाने उतरवू नका, पंखाचे आवरण फाटते. सोयाबीन काढलेले रान किंवा गवताचा माळ चांगला. आणि पिकात शिरायचे झाले तर आधी मालकाला हाक मारा. कोणी नाही म्हणत नाही, पण न विचारता पीक तुडवलेले कोणालाच आवडत नाही.

उजळाई
ऊसकरी दादा, पुढच्या रविवारी आम्हीही येतो. चहा आमच्याकडून.

ऊसकरी
या की. चहा मात्र रानात आमचाच.

गंगावेस_गृहिणी
मी स्वतः विमान उडवत नाही, माझा मुलगा उडवतो. एक काळजी विचारायची आहे. या लायपो बॅटऱ्या पेट घेतात असे वाचले. तो रात्री चार्जर लावून झोपतो. हे चालते का? पावसाळ्यात तर महिनोन् महिने बॅटरी कपाटातच पडून असते.

अनघा_विद्युत
ताई, रात्री लावून झोपणे अजिबात चालत नाही, आजच थांबवा. बॅटरी चार्ज होत असेपर्यंत माणूस त्याच खोलीत जागा असला पाहिजे. गादीवर, लाकडी टेबलावर किंवा कागदांच्या शेजारी ठेवू नका. फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवा, जवळ वाळूची बादली असू द्या. चार्जर सेल समतोल करणारा असावा आणि २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअरहून जास्त लावू नये. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट असतो. उडताना तो भाराखाली ३.३ च्या खाली जाऊ देऊ नये; तीनच्या खाली गेला की तो आतून बिघडतो.

कपाटात ठेवताना पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नका. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. चार्जरमध्ये त्यासाठी 'स्टोरेज' हा पर्याय असतो. फुगलेली, वास येणारी किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा लावू नये. आणि एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत बॅटरी ठेवून बाजारात जाऊ नये.

गंगावेस_गृहिणी
मनापासून धन्यवाद. त्याला वाचायला दिले. आजपासून चार्जर दिवसा आणि हॉलमधल्या फरशीवर.

रंकाळावासी
पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर आवरणाबद्दल लिहितो. इस्त्रीने चिकटवायची प्लॅस्टिकची फिल्म आपल्या कोरड्या थंडीत ढोलासारखी ताणलेली असते. जून लागला, हवा दमट झाली की लाकूड ओल धरते आणि आवरणाला सुरकुत्या पडतात. ते पाहून लोक लगेच इस्त्री फिरवतात. पंख ओलसर असताना एका बाजूने जास्त उष्णता दिली की पंख पिळतो आणि तो पीळ वाळल्यावर तसाच राहतो. म्हणून आधी विमान दोन दिवस कोरड्या खोलीत टांगावे, मग वर आणि खाली आळीपाळीने, थोडीथोडी उष्णता द्यावी. इस्त्रीच्या तळाला जुने सुती कापड गुंडाळावे म्हणजे फिल्मवर ओरखडे येत नाहीत. घरातली कपड्यांची इस्त्री घेऊ नका. फिल्मचा रंग तळाला लागतो आणि मग पांढऱ्या शर्टावरून घरात वाद होतात.

विमान बांधायला पावसाळा आणि उडवायला दिवाळीनंतरची सकाळ, हा आमचा ठरलेला क्रम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी नऊपर्यंत वारा जवळजवळ पडलेला असतो.

पॅटर्नमेकर
रंकाळावासींच्या पिळाच्या मुद्द्याला दुजोरा देतो. तयार पंख मागच्या कडेकडून डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावा. दोन्ही टोकांशी मागची कड किंचित वर असेल तर हरकत नाही, उलट ते चांगले. मंद वेगात टोके आधी कोसळत नाहीत. पण एका टोकाशी वर आणि दुसऱ्याशी खाली असेल तर ते विमान उडवू नये. तो पीळ काढल्याशिवाय कितीही ट्रिम (रेडिओवरून झडपांची बारीक जुळवणी) दिला तरी वेग बदलला की विमान पुन्हा ओढणार.

आणखी एक. शेपटाकडे गोंद कमी वापरा. शेपूट गुरुत्वमध्यापासून लांब असते. तिथे वाढलेल्या दहा ग्रॅमसाठी नाकात पंचवीस-तीस ग्रॅम शिसे घालावे लागते. सांधा घट्ट बसत असेल तर गोंद थेंबभर लागतो. सांधा सैल असेल तर गोंदाने भरू नका, लाकडाची चकती घाला. इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) फक्त मोटरच्या फायरवॉलला (मोटर बसते त्या नाकातल्या फळीला), पंखाच्या मधल्या सांध्याला आणि चाकांच्या तारेपाशी. बाकी सगळीकडे पांढरा किंवा पिवळा गोंद पुरतो.

माळरान
पहिल्या उड्डाणाच्या आधी काय पाहायचे ते मी लिहितो, कारण आमच्या माळावर नवीन माणूस आला की आम्ही हेच तपासतो.

प्रॉप काढून ठेवा. आधी ट्रान्समीटर (हातातला रेडिओ) चालू, मग विमानातली बॅटरी; बंद करताना उलट. एलिव्हेटरची काठी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे. रडर उजवीकडे दिला की मागून पाहताना उजवीकडे वळला पाहिजे. हे मोठ्याने बोलून तपासा, नुसते मनात नको. मग मोटर अर्ध्यावर ठेवून ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. न थांबल्यास फेलसेफ (संपर्क तुटताच मोटर बंद करणारी सोय) पुन्हा लावा, कारण रेडिओचा संपर्क तुटलेले, मोटर चालू असलेले विमान कोणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. प्रत्येक बिजागरी बोटांनी ओढून पाहा.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत असतो. तुमच्या २२ सेंटिमीटरच्या पंखाला सुरुवात ६ सेंटिमीटरवर करा. पंखाखाली तिथे दोन बोटे लावली की विमान समतल किंवा नाक जरा खाली असे राहिले पाहिजे. हे साधण्यासाठी आधी बॅटरी पुढेमागे सरकवा, शिसे सगळ्यात शेवटी. म्हणून बॅटरीची जागा नकाशातल्यापेक्षा लांब ठेवा आणि वेल्क्रोचा पट्टा लावा. नाक जड असलेले विमान नीट उडत नाही एवढेच. शेपूट जड असलेले विमान बहुधा एकदाच उडते.

शाहूपुरी_४
अनघाताई, तुमचा हिशेब समजला. ३ सेल, २२०० घेतो. वॉटमीटर कोणाकडे आहे?

अनघा_विद्युत
माझ्याकडे आहे. रविवारी ऊसकरींच्या रानात घेऊन येते.

करवीरकर
सर्वांचे प्रतिसाद मी आणि पुतण्याने एकत्र बसून वाचले. माळरान यांचे म्हणणे आम्हाला पटले आणि मास्तरांचेही. किट आम्ही आत्ताच बांधणार आहोत. पाट म्हणून जुन्या दाराचा तुकडा मिळाला आहे, पट्टी लावून पाहिली, उजेड दिसत नाही. पुतण्या रोज संध्याकाळी अर्धा तास सिम्युलेटरवर बसतो आणि समोरून येणारे विमान त्याला आता जमू लागले आहे. दिवाळीनंतर उडवू. मोटर, ईएससी आणि बॅटरी अनघाताईंनी सांगितल्याप्रमाणे.

पट्ट्या तोलल्यावर दोघेही थक्क झालो. स्पारच्या चार पट्ट्यांमध्ये सर्वांत हलकी ९ ग्रॅम आणि सर्वांत जड १५ ग्रॅम भरली. जोड्या लावल्या आहेत.

एक शंका राहिली. नकाशावर प्रत्येक पंख मधून ४ अंश वर उचललेला दाखवला आहे. एवढा डायहेड्रल (पंखांचा वर उचललेला कोन) खरोखर लागतो का, आणि तो अचूक कसा साधायचा? पंखाच्या दोन्ही अर्ध्या बाजू तयार झाल्या आहेत, सांधा बाकी आहे.

पॅटर्नमेकर
लागतो, कमी करू नका. तुमच्या विमानाला एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) नाहीत. ते रडरने वळते आणि रडर स्वतः विमानाला कलवत नाही, फक्त नाक बाजूला नेतो. नाक डावीकडे गेले की उजवा पंख वाऱ्यासमोर पुढे येतो, आणि तो वर उचललेला असल्यामुळे त्याच्याखाली हवा जास्त कोनात शिरते. तो पंख उचलला जातो आणि विमान डावीकडे कलते. पंख सपाट ठेवले तर रडर देऊनही विमान कलणार नाही, नुसते घसरत राहील.

जमवायची रीत अशी. एक अर्धा पंख पाटावर सपाट टाचून घ्या. दोघांमधला एकूण कोन ८ अंश. तुमचा अर्धा पंख ७० सेंटिमीटरचा, म्हणजे दुसऱ्याचे टोक पाटापासून पावणेदहा सेंटिमीटर उचलायचे. त्या उंचीचा लाकडी ठोकळा कापून टोकाखाली ठेवा. पुस्तके रचू नका, ती दबतात. दोन्ही मुळांच्या रिब उभ्या रेषेपासून ४-४ अंश कललेल्या असल्या पाहिजेत, तरच त्या एकमेकींना पूर्ण पृष्ठभागाने भिडतील. फट दिसत असेल तर सपाट ठोकळ्यावर सँडपेपर लावून, थोडे घासून, पुन्हा लावून पाहा. मग स्पारच्या दोन्ही बाजूंना किटमधले प्लायचे ब्रेस इपॉक्सीने बसवा, चिमटे लावा आणि टोकाखालचा ठोकळा तपासा, कारण चिमटे लावताना तो हमखास सरकतो. सावकाश वाळणारी इपॉक्सी घ्या आणि रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी मधल्या सांध्यावर, वरून आणि खालून, पाच सेंटिमीटर रुंदीची फायबरग्लासची पट्टी पातळ इपॉक्सीत बसवा. पंख फ्यूजलाजला धरून ठेवणारे रबरबँड त्याला तिथेच आवळतात.